होडीचं बूड किती खोल असावं?

मागे एकदा आम्ही ‘तारिणी’ची गोष्ट सांगितली होती, ती आठवत असेल. नौदलाच्या सहा बायका, कप्तान वर्तिका जोशी. १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि सगळ्या पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला गोव्यालाच परत आल्या, त्याही शिडाच्या बोटीतून. ती सतरा मीटरची बोट बांधली गोव्यातच, मांडवीतल्या दिवाडी बेटावर.

कार्यक्रम झाल्यावर दोन फोन आले. एका काकूंनी विचारलं, “एवढं उंच शीड, एवढा वारा, मग ती बोट उलटली कशी नाही?” दुसरा फोन खाडीकाठच्या एका ताईंचा. त्यांनी तारिणीचा फोटो पाहिला होता. “तिच्या पोटाखाली ते काय लोंबतंय? आमच्या होडीला तसं असतं तर पहिल्याच ओहोटीला वाळूत रुतली असती!” काकूंच्या प्रश्नाचं उत्तर ताईंच्या प्रश्नातच आहे, म्हणून आज दोन्ही एकत्र घेतो.

आधी बादलीभर पाणी घ्या. त्यात नारळाची अर्धी करवंटी सोडा. करवंटीत कणकेच्या गोळीने एक हीर उभी रोवा, हिराला कागदाचा तुकडा लावा आणि बाजूने फुंकर मारा. करवंटी लगेच कलंडेल. आता दोऱ्याला नव्हे, एका ताठ काडीला दगड बांधा आणि ती काडी करवंटीच्या बुडाखाली पक्की बसवा. दगड बेताचाच घ्या, नाहीतर करवंटीच बुडेल. पुन्हा फुंकर मारा. ती झुकेल, पण परत उभी राहील. आम्ही स्टुडिओत हे करताना दोन हीर मोडले आणि टेबल भिजवलं, ते असो.

बोटीखालच्या त्या जड भागाला यॉटवाले कील म्हणतात. आपण पातं म्हणू. ते शिशाचं किंवा बिडाचं असतं. कित्येक बोटींत एकूण वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त वजन एवढ्या एका पात्यात असतं. आपल्याकडच्या जुन्या गलबतांच्या तळात दगड भरत, त्याला नीरम म्हणत. काम तेच, फरक एवढाच की यॉटमध्ये हे नीरम पोटाच्या बाहेर, खूप खाली नेऊन बसवलेलं असतं.

खाली का न्यायचं? तराजूची दांडी आठवा. काट्यापासून लांब ठेवलेलं छोटं माप जवळच्या मोठ्या मापाला भारी पडतं. तसंच हे. पातं जितकं खोल, तितकं कमी वजनात बोट सावरून धरता येतं. पातं आखूड केलं तर तेवढाच जोर मिळवायला जास्त शिसं घालावं लागतं, आणि मग बोट जड होते, हळू चालते.

पात्याचं दुसरं काम दिसत नाही, पण तेही तितकंच महत्त्वाचं. वारा बाजूने आला की तो बोटीला पुढे ढकलतो तसा आडवाही ढकलतो. पाण्यात उलथनं धरून बघा. धारेच्या बाजूने ते सरसर जातं, सपाट बाजूने रेटलं तर पाणी अडवतं. पातं बोटीला आडवं वाहू देत नाही. म्हणूनच शिडाची बोट नागमोडी वळणं घेत वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनेही जाऊ शकते. खोल, अरुंद पातं हे काम सगळ्यात चांगलं करतं. उथळ पात्याची बोट पुढे जाता जाता बाजूलाही सरकत राहते. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल आणि खाली खडक असतील, तर हे सरकणं जिवावर बेतू शकतं.

मग सगळ्यांनी खोल पातंच का घेऊ नये? कारण बोट कुठेतरी थांबवायचीही असते. परदेशात कित्येक कुटुंबं शिडाच्या बोटीवर महिनोन्‌महिने राहतात, मुलांसकट. बारा मीटरच्या अशा बोटीला खोल पातं घेतलं तर ती पाण्याखाली दोन मीटरच्या वर जाते, उथळ घेतलं तर दीड मीटरच्या आसपास. फरक हातभरापेक्षा थोडाच जास्त. पण अमेरिकेजवळच्या बहामा बेटांत मैलोन्‌मैल समुद्र इतका उथळ आहे की तळाची वाळू वरून दिसते. तिथे त्या हातभरावर ठरतं की वादळ आलं तर आडोशाच्या खाडीत शिरायचं, की बाहेरच हेलकावे खात राहायचं. म्हणजे उथळ पातं घेणारा माणूस भित्रा किंवा कंजूष असतो असं मुळीच नाही. त्यालाही सुरक्षितताच हवी असते, फक्त त्याचा धोका वेगळा असतो.

मधले मार्गही निघाले आहेत. आखूड पात्याच्या टोकाला शिशाचा फुगीर गोळा बसवतात, म्हणजे वजन खालीच राहतं. कुणी त्या टोकाला दोन्ही बाजूंना पंख काढतात. याची एक गंमत आहे. साधं पातं वाळूत रुतलं तर सगळ्यांनी एका कडेला बसून बोट कलती केली की पातं तिरकं होऊन सुटतं. पंखवालं पातं कलतं केलं की एका बाजूचा पंख उलट आणखी खाली जातो आणि चिखलात नांगरासारखा धरून बसतो. काहींचं पातं वर ओढून घेता येतं. ऐकायला हे सगळ्यात छान वाटतं, पण त्याची पेटी घराच्या मधोमध जागा खाते, खडे अडकतात, आणि दोर व कप्पी यांची देखभाल कायमची मागे लागते. आम्हाला सगळ्यात आवडली ती दोन पात्यांची बोट. इंग्लंड-फ्रान्सच्या काही किनाऱ्यांवर ओहोटीला बंदरच कोरडं पडतं. फ्रान्समधल्या सें-मालोला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक बारा मीटरपर्यंत जातो, आपल्या मुंबईला तो पाचच्या आसपास असतो. तिथे ही बोट दोन पायांवर चिखलात उभी राहते आणि माणसं शिडी लावून उतरतात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालायला मात्र ती जरा मंद.

खोल पात्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पातं बोटीला मोठ्या बोल्टांनी जोडलेलं असतं. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ नावाची बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असताना अटलांटिक महासागरात तिचं पातंच निसटलं. बोट उलटली, चारही जण गेले. बोट पूर्वी तळाला आपटली होती आणि तिची दुरुस्ती झाली होती. त्यातून हा जोड आतून कमजोर झाला असावा, असं सरकारी चौकशीत पुढे आलं. आपटलेलं पातं बाहेरून धड दिसतं, म्हणून बोट पाण्याबाहेर काढून जोड तपासून घ्यावा लागतो. जुनी बोट विकत घेणाऱ्याने रंग आणि गाद्या नंतर बघाव्यात.

आणि पात्याचं बळ बघायचं असेल तर अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ बघा. तीही गोव्यातच बांधलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात ती आडवी फेकली गेली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. पण बोट पुन्हा सरळ झाली, म्हणून मदत येईपर्यंत ते तिच्यात पडून राहू शकले.

आता खाडीकाठच्या ताई. तुमच्या होडीला असं पातं नाही, कारण तिला दक्षिण महासागरात जायचं नाही. तिला मुखावरच्या वाळूच्या दांड्यावरून आत यायचं आहे आणि पावसाळ्याआधी माणसांनी ओढून किनाऱ्यावर चढायचं आहे. कान्होजी आंग्र्यांची गलबतं याच उथळ बुडामुळे खाड्यांत शिरत, आणि पाठलाग करणारी मोठी विलायती जहाजं बाहेरच अडकून पडत. पण त्याची किंमतही आहे. अशा होडीत जाळं, मासळी, माणसं एका बाजूला आली तर तिला सावरायला खाली शिसं नाही. म्हणून वजन तळाशी आणि मधोमध ठेवायचं, भर लाटेत कुणी उभं राहायचं नाही, आणि दांडा ओलांडायचा तो चढत्या भरतीला. उतरत्या पाण्यात रुतलात तर होडी पुढची भरती येईपर्यंत तिथेच, लाटांच्या तोंडी.

हे आम्ही ताईंना फोनवर सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, “आमचे मामंजी काठीने पाणी मोजल्याशिवाय दांड्यावर होडी घालत नसत. ती काठी अजून पडवीत आहे.” पुढच्या वेळी तिचा फोटो पाठवायचं त्यांनी कबूल केलंय.