रॅम्पवर कुणी बसत नाही!

डिझायनर कपडे बघायला झक्कास, पण ते घालून जालन्याच्या मोंढ्यात जाता येईल का? एक रोखठोक मत.

आधीच सांगून टाकते, मला फॅशन शो बघायला जाम आवडतात. मी जालन्याची. आमचं गाव स्टीलचं, बियाण्यांचं आणि मोसंबीचं. रॅम्प वगैरे इथे नाही. तरीही फॅशन वीकचे फोटो आले की मैत्रिणींचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दर वेळी तोच, ‘अगं, हे असलं घालतं कोण?’

शो वेगळा, कपाट वेगळं

खरं उत्तर : बऱ्याचदा कुणीच नाही! २००० साली हुसेन चलायन या डिझायनरने लंडनच्या शोमध्ये एक गोल लाकडी टीपॉय ठेवला. मॉडेल त्याच्या मधोमध उभी राहिली, तिने तो वर ओढला आणि टीपॉयचा झाला स्कर्ट! घरदार सोडून पळावं लागणारी माणसं सोबत काय नेतील, हा त्यामागचा विचार होता. तो स्कर्ट घालून कुणी ऑफिसला जावं, अशी अपेक्षाच नव्हती. रॅम्पवरचे असे कपडे म्हणजे डिझायनरचं म्हणणं असतं आणि ब्रँडची जाहिरातही. फोटो त्यांचे छापून येतात, विकला जातो परफ्यूम, बॅगा आणि साधे टॉप. त्यावर माझा काही राग नाही.

माझा राग आहे तो ‘वेअरेबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर. रॅम्पवर मॉडेल चालते, थांबते, वळते आणि आत जाते. ती बसत नाही. एसटीत वरचा दांडा धरत नाही, स्कूटी स्टँडला लावत नाही. कपडा सैल झाला तर मागून पिना लावायला माणूस हजर. आपल्यामागे कोण आहे? आणि धुवायचं काय? ड्राय क्लीन ओन्ली! २०१३ चा दुष्काळ टँकरच्या पाण्यावर काढलेल्या जालन्यात ‘हा कपडा वेगळा धुवा’ असं लेबल वाचलं की हसावं की रडावं कळत नाही.

आमच्याकडे आणखी एक चाचणी असते, चौकातल्या नजरांची. स्लीव्हलेस घालायचं की नाही हे ऊन नाही, त्या नजरा ठरवतात. पण तो दोष कपड्याचा नाही, चौकाचा आहे.

आमचा लेयरिंग लुक

आता घालण्याजोगं म्हणजे काय, ते बघायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास अंबड किंवा घनसावंगीकडे या. कापूस वेचणाऱ्या बायका साडीवर घरातला जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतात. ऊन लागत नाही, वाळलेल्या बोंडांनी हात ओरबाडत नाहीत, आणि खिसा मिळतो तो वेगळाच. कुणी स्केच काढलं नव्हतं. ‘हे घालून ती काय काम करणार?’ एवढा एकच प्रश्न त्यामागे होता. आता साडी आणि शर्टची जोडी फॅशनच्या पानांवर ‘फ्युजन’ म्हणून मिरवते. मिरवू दे, पण मूळ विसरू नका!

गोव्याच्या वेंडेल रॉड्रिक्स यांना हा प्रश्न कळला होता. समुद्रकाठच्या दमट हवेत चालतील असे सुटसुटीत कपडे त्यांनी केले, कुणबी साडी पुन्हा विणून घेऊन रॅम्पवर आणली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते गेले, पण रॅम्प आणि रोजचं जगणं यांची सोयरीक जमू शकते, हे दाखवून गेले.

कोल्हापुरीची मिलानवारी

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायात थेट कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या. अख्ख्या रॅम्पवर सगळ्यात घालण्याजोगी वस्तू कुठली, तर आपली! पण नाव दिलं होतं नुसतं ‘लेदर सँडल’. कोल्हापुरीला २०१९ मध्येच जीआय मानांकन मिळालेलं. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा कंपनीने मूळ मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. साधारण ८०० युरोला एक जोड, अशा २,००० जोडांची घोषणा झाली.

म्हणजे बघा, आपण ‘हे कोण घालतं’ म्हणत रॅम्पकडे बघतो आणि रॅम्प आपल्या पायांकडे बघतोय. उचला, जरूर उचला. पण नाव घ्या आणि कारागिराचे पैसे द्या.

ट्रायल रूममध्ये हे करून बघाच

• मांडी घालून बसा. शिवण ताणली, तर कपडा परत.
• दोन्ही हात वर करा. एसटी आणि लोकल दोन्हींची परीक्षा होते.
• खिशात मोबाइल मावतो का? मुळात खिसा आहे का?
• आधी धुण्याचं लेबल वाचा, मग किमतीचं. ड्राय क्लीनिंगचा खर्च किमतीत धरा.

डिझायनर मंडळींना एकच विनंती. पुढच्या शोमध्ये रॅम्पच्या टोकाला एक सतरंजी टाका आणि मॉडेलला म्हणा, ‘बस गं जरा.’ उठता आलं, तर आम्ही घेऊ!