खांद्याचे दुखणे : ‘अवबाहुक’ असे लिहिण्यापूर्वी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना बिडकीनच्या अलीकडे लागणारे चितेगाव हे निम्मे शेतीचे व निम्मे कारखान्यांचे गाव. पाठीवर फवारणीचा पंप वाहणारा शेतकरी आणि डोक्याच्या वर हात करून काम करणारा कामगार असे दोघेही एकच तक्रार घेऊन येतात : ‘खांदा वर जात नाही.’ ती ऐकताच आपली लेखणी ‘अवबाहुक’ असे लिहून मोकळी होते. आमचीही होत असे.

काही वर्षांपूर्वी या भागातील एक मध्यमवयीन कामगार आमच्याकडे आला. हात छातीशी आवळलेला, बाहेरच्या बाजूस मुळीच वळत नव्हता. त्याच्याजवळील क्ष-किरण चित्र समोरून काढलेले होते व त्यात दोष दिसत नव्हता. आम्ही तीन आठवडे स्नेहन, स्वेदन व नस्य केले. विजेचा झटका बसल्याचे त्याने बोलण्याच्या ओघात चौथ्या आठवड्यात सांगितले. आम्ही विचारलेच नव्हते. बाजूने चित्र काढविले तेव्हा बाहुअस्थीचे शीर्ष मागे सरकलेले आढळले. शस्त्रकर्माने सांधा बसविला गेला, पण हात पूर्ववत झाला नाही.

विजेचा झटका किंवा अपस्मारातील आक्षेप यांनी होणारा हा संधिविश्लेष समोरच्या चित्रात सहज निसटतो. अवबाहुकातील स्तंभ आठवड्यामहिन्यांनी वाढत जातो. हा मात्र क्षणात होतो. खांद्याचा पुढचा गोलावा सपाट होतो व मागे उंचवटा लागतो. दर्शन आणि स्पर्शन यांत हे कळण्याजोगे होते.

सुश्रुताचार्यांनी अंसदेशातील वायू तेथील बंधनांचा शोष करतो आणि सिरांचा संकोच करून अवबाहुक उत्पन्न करतो, असे सांगितले आहे. मधुकोशकारांनी अंसशोष केवळ वातज व धातुक्षयजन्य आणि अवबाहुक वातकफज, असा भेद केला. हा भेद चिकित्सेत फार उपयोगी आहे : पहिल्यात बृंहण, दुसऱ्यात आधी कफावरणाचा विचार. विश्वाचीत मात्र वेदना बाहूच्या पाठीमागून बोटांपर्यंत उतरते. तेथे मानेची तपासणी टाळून चालत नाही.

परीक्षणात एक गोष्ट कधीही सोडू नये. रुग्णाने स्वतः हात हलवावा व नंतर वैद्याने तो हलवून पाहावा. दोन्ही वेळा गती अडते, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळविताना, तेव्हा संधिकोशाचा संकोच समजावा. वैद्याने उचललेला हात जातो पण रुग्णाला उचलता येत नाही, तेव्हा स्नायूचा किंवा कंडरेचा विकार अथवा नाडीचा घात शोधावा. हात बाजूने उचलताना साधारण ६० ते १२० अंशांमध्येच वेदना होत असेल, तर कंडरा दाबली जात असण्याचा संभव अधिक. वृद्धाच्या पडण्यानंतर अभ्यंगापूर्वी क्ष-किरण चित्र हवेच. गोठलेल्या खांद्याच्या प्रत्येक रुग्णात रक्तशर्करा पाहावी. मधुमेहींत हा विकार इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो.

खांदा निर्दोष असूनही दुखतो, हेही ध्यानी असावे. श्रमाने वाढणारी डाव्या खांद्याची वेदना हृदयाची असू शकते, जेवणानंतरची उजवीकडील पित्ताशयाची. रात्री न थांबणारी वेदना, कृशता व जुनाट खोकला असेल तर फुप्फुसाच्या शिखराकडे पाहावे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. ‘खांद्याचे तेल द्या’ म्हणणारा ग्राहक पडला होता काय, झटका बसला होता काय, छातीत दडपते काय, एवढे तीन प्रश्न विचारून मगच बाटली द्यावी. महायोगराज गुग्गुळात नाग, वंग आदी भस्मे असतात. ती महिनोन्‌महिने चिठ्ठीवाचून देणे आम्हांस मान्य नाही. गुण आला की नाही हे ठरविण्यासाठी आम्ही आता दर भेटीस रुग्णाचा अंगठा पाठीमागून कोणत्या मणक्यापर्यंत पोहोचतो, ते कागदावर लिहून ठेवतो. त्याच कागदाच्या माथ्यावर विजेच्या झटक्याचा प्रश्नही आता लिहिलेला असतो.