लाइटवाला कीबोर्ड: दिवे काय करतात आणि काय करत नाहीत

कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत संगणकाच्या कुठल्याही दुकानात गेमिंग कीबोर्ड मागा, समोर येतो तो झगमगणारा. घरात संगणक मात्र बहुधा एकच असतो. त्यावर थोरली टायपिंगच्या परीक्षेचा सराव करते, धाकटा रात्री व्हॅलोरंट खेळतो आणि महिनाअखेरीस वडील दुकानाचे हिशेब टॅलीत भरतात. तिघांच्या गरजा वेगळ्या, पण निवड ठरते लाइट कसा दिसतो यावर. या लाइटभोवती बऱ्याच समजुती साचल्या आहेत. काही विक्रीच्या बोलण्यातून आल्या, काही व्हिडिओंतून, तर काही आईवडिलांच्या काळजीतून. त्या तपासून घेतल्या की पैसे नेमके कशाचे मोजायचे ते कळते.

"लाइट आहे म्हणजे कीबोर्ड मेकॅनिकल आहे."

दोन्हींचा संबंध नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. मेम्ब्रेनमध्ये सगळ्या बटणांखाली रबराचा एकच पडदा असतो. जर्मनीच्या चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८०च्या दशकापासून बाजारात आहेत, तेव्हा रंगीत दिव्यांची फॅशन यायची होती. समज पसरला त्याला कारण आहे: महागड्या मेकॅनिकल कीबोर्डांत दिवे हमखास असतात आणि स्वस्त मॉडेल तेच रूप उचलतात. धातूची पट्टी, उचललेली बटणे, इंद्रधनुषी उजेड आणि खोक्यावर 'मेकॅनिकल फील' ही अक्षरे. यातला 'फील' हा शब्दच सगळे सांगून जातो. खात्री करायची तर दुकानातच एक कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, उपसून पाहावी. खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा असलेला स्विच दिसला, तर बहुतेक वेळा तो मेकॅनिकल. रबराचा फुगा दिसला तर मेम्ब्रेन. मेकॅनिकल स्विच साधारण पाच कोटी दाबांसाठी बनवल्याचा दावा कंपन्या करतात, मेम्ब्रेनचा दावा पुष्कळ कमी असतो. जास्तीचे पैसे द्यायचे ते या फरकाचे.

"आरजीबी कीबोर्डवर गेम जलद चालतो."

आरजीबी म्हणजे रंग बदलणारे दिवे, आणि दिव्याचा वेगाशी काही संबंध नाही. बटण दाबल्याची खबर संगणकाला किती वेळा जाते, ते पोलिंग रेट ठरवतो. साध्या कीबोर्डात ही विचारणा बहुधा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी होते. गेमिंग मॉडेलांत १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. पडद्यावर काही दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, त्यापुढे हा फरक लहानच. खरा फरक पडतो तो एकाच वेळी अनेक बटणे दाबताना. कीबोर्डाच्या आत तारांची उभी-आडवी जाळी असते. स्वस्त जाळीत ठरावीक तीन बटणे एकत्र दाबली की चौथ्याबद्दल घोळ होतो आणि एखादा दाब गाळला जातो. पुढे पळत, वळत, उडी मारणारा खेळाडू नेमका तेव्हाच फसतो. परीक्षा सोपी आहे: नोटपॅड उघडून दोन्ही शिफ्ट दाबून ठेवाव्यात आणि दुसऱ्या कुणाला सगळी इंग्रजी अक्षरे टाइप करायला सांगावीत. जी उमटत नाहीत ती कीबोर्ड गाळतो. खासबागेच्या कुस्ती मैदानात पैलवान जोखतात तो डावांवरून, लांगेच्या रंगावरून नव्हे, इथेही तसेच. लाइट बंद करून पाहिला तरी हा निकाल बदलत नाही.

"लाइटमुळे मराठी टायपिंग सोपे होते."

हा समज सर्वांत रास्त वाटतो आणि सर्वांत जास्त निराश करतो. लाइटवाल्या कीबोर्डांत उजेड कीकॅपवरच्या कोरलेल्या अक्षरातून बाहेर पडतो, आणि आपल्या दुकानांत मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या कीबोर्डांवर ती अक्षरे रोमन असतात. अंधारात 'के' चमकते, त्या जागी असलेला, इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीतला 'क' चमकत नाही. म्हणून लोक देवनागरी स्टिकर लावतात. स्टिकर अपारदर्शक असेल तर उजेड अडतो आणि फक्त कडांनी झिरपतो. पारदर्शक असेल तर रात्री खालचे रोमन अक्षर वरच्या मराठी अक्षरात मिसळते. आणखी एक अडचण रचनेतच आहे: दिवा बहुधा स्विचच्या वरच्या बाजूला असतो, त्यामुळे कीकॅपवर वर छापलेले चिन्ह उजळते आणि खालचे मंद राहते.

मुळात टायपिंगचे शिक्षण बटणांकडे न पाहण्याचे असते. कारकुनी भरतीसाठी लागणारा मराठीचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग खाली बघत गाठता येत नाही. तर्जन्यांची जागा एफ आणि जे या बटणांवरच्या उंचवट्यांनी कळते, त्याला उजेड लागत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ही मांडणी बोटांना पाठ होण्यासाठीच केलेली आहे. सराव करणाऱ्याने लाइट बंद ठेवला तर नुकसान काही नाही, उलट खाली पाहण्याचा मोह टळतो.

"रंगीत लाइटमुळे डोळे बिघडतात."

रात्री खेळून उठलेल्या मुलाचे डोळे लाल दिसतात, समोर निळा-जांभळा कीबोर्ड असतो, आणि दोष त्याच्यावर जातो. डोळे शिणतात, हे खरे. पण मुख्य कारण वेगळे आहे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या नेहमीपेक्षा बऱ्याच कमी वेळा लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. निळ्या प्रकाशाची भीती चष्म्यांच्या जाहिरातींनी वाढवली. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी संगणकाचा ताण कमी होतो असे आढळले नाही. कीबोर्डाचा उजेड तर पडद्यापुढे किरकोळच. त्रास होतो तो काळोख्या खोलीतल्या झगझगीत पडद्याचा आणि नजरेच्या कडेला सतत नाचणाऱ्या रंगांचा. खोलीत साधा दिवा लावावा, कीबोर्ड एका स्थिर, मंद रंगावर ठेवावा आणि दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहावे. झोप उडते ती रात्री उशिरापर्यंत उजेडात बसण्याने आणि खेळाच्या चुरशीने. त्यावर इलाज लवकर उठण्या-झोपण्याचा आहे.

"लाइटने वीजबिल वाढते आणि कीबोर्ड तापून जातो."

कीबोर्डाला वीज पुरवणारा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टला जास्तीत जास्त अर्धा अँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. रोज दहा तास पूर्ण उजेडात ठेवला तरी महिन्याला पाऊण युनिट होते. हे अडीच वॅट शंभर बटणांत वाटले की एकेका बटणाच्या वाट्याला येणारी उष्णता बोटालाही जाणवत नाही. कीबोर्ड मरतो तो सांडलेल्या चहाने, धुळीने आणि पावसाळ्यातल्या दमटपणात गंजणाऱ्या जोडांनी. 'स्पिल रेझिस्टंट' लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ थोडे सांडलेले सोसते एवढाच; धुवून घ्यावा असा नाही.

या समजुतीत एक कण मात्र खरा आहे. वळवाच्या पावसात वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू असेल, तर दोन वॅटही जाणवतात. ५० वॅट-तासांची बॅटरी १० वॅट खर्चावर पाच तास पुरते, १२ वॅट खर्चावर चार तास दहा मिनिटे. वायरलेस कीबोर्डात तर लाइट लावला की चार्ज आठवड्यांऐवजी दिवसांत संपू शकतो. अशा वेळी लाइट बंद करावा.

"लाइटवाला कीबोर्ड म्हणजे पोरखेळ, कामाचा नाही."

ही उलट बाजूची समजूतही चुकीची आहे. टायपिंग न शिकलेला माणूस अक्षर शोधत टाइप करतो, आणि मंद खोलीत त्याला उजळलेली बटणे खरोखर उपयोगी पडतात. वय वाढले की कमी उजेडात अक्षरे ओळखणे जड जाते, तेव्हा एकरंगी पांढरा लाइट आरजीबीपेक्षा बरा. घरचे झोपले असताना ट्यूबलाइट न लावता हिशेब पुरा करता येतो. फक्त त्यासाठी निळ्या दांड्याचा मेकॅनिकल स्विच घेऊ नये. त्याची टकटक शेजारच्या खोलीत पोहोचते, आवाज नको असेल तर लाल स्विच घ्यावा. अक्षरांची छपाईही पाहावी. रंग फासून कोरलेल्या स्वस्त कीकॅपचा रंग घासून जातो आणि मग अक्षराभोवतीही उजेड फुटू लागतो. 'डबल शॉट' कीकॅपमध्ये अक्षर वेगळ्या प्लॅस्टिकचे ओतलेले असते, ते झिजत नाही.

खरेदीचा क्रम त्यामुळे असा लावावा: आधी स्विच, मग एकत्र दाबलेली बटणे नीट उमटतात का, मग कीकॅप, आणि पैसे उरले तर दिवे. एकाच किमतीत झगमगता मेम्ब्रेन आणि बिनलाइटचा मेकॅनिकल मिळत असेल, तर खेळणाऱ्यानेही आणि टायपिंग करणाऱ्यानेही दुसरा घ्यावा.