शिफारस आणि वशिला : शिक्षिकेसाठी शब्द टाकताना

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधीचे दोन-तीन महिने शाळांमध्ये नेमणुकांच्या विचाराचे असतात. कुठे मुख्याध्यापक सेवानिवृत्त होतात, कुठे पर्यवेक्षकाची जागा रिकामी होते, तर एखाद्या धर्मभगिनींच्या शाळेला इंग्रजीच्या अनुभवी शिक्षिकेची निकड भासते. अशा दिवसांत रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एक वाक्य हमखास कानी पडते : "आमच्या टीचरसाठी फादरांकडे जरा शब्द टाका ना!"

सांताक्रूझच्या धर्मग्रामस्थांना हा अनुभव नवा नाही. पश्चिमेला सेक्रेड हार्ट व सेंट तेरेसा, पूर्वेला वाकोल्याची सेंट अँथनी अशा शाळांच्या सावलीत येथील अनेक पिढ्या वाढल्या. कुणी माजी विद्यार्थी आहे, कुणी पालक-शिक्षक संघात आहे, कुणी निवृत्त शिक्षक आहे. त्यामुळे एखाद्या गुणी शिक्षिकेची नव्या पदासाठी शिफारस करण्याचा प्रसंग आपल्यापैकी कुणावरही येऊ शकतो. तो कसा पार पाडावा, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. वशिला आणि शिफारस हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांचा मार्ग वेगळा आहे. उमेदवार कुणाच्या ओळखीचा आहे हे वशिला सांगतो. उमेदवार काय करतो, हे शिफारस सांगते. वशिल्यात वजन सांगणाऱ्याचे असते. शिफारशीत ते पाहिलेल्या कामाचे असते. म्हणून वशिला लावणाऱ्याला वर्गात डोकावण्याची गरज पडत नाही. शिफारस करणाऱ्याला मात्र वर्ग ठाऊक असावा लागतो.

हा भेद आपल्या शाळांच्या बाबतीत अधिक महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी कायद्याकडे वळावे लागेल. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली लागू आहे. या नियमांनुसार माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकपदासाठी पदवी व बी.एड. यांबरोबर पदवीनंतरचा किमान पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि त्यांपैकी किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची असावी लागतात. सर्वसाधारण शाळेत हे पद सेवाज्येष्ठतेने, म्हणजे समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला मिळते.

अल्पसंख्याक शाळांची गोष्ट थोडी निराळी आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याला अनुसरून १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ३ ने अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची भरती, तसेच व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांना नावे कळविलेल्या जास्तीत जास्त आणखी तीन व्यक्तींची भरती, या अधिनियमाच्या तरतुदींतून वगळली आहे. केरळमधील एका मलंकारा सीरियन कॅथलिक महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच तत्त्व ठळक केले : प्रमुख निवडणे हा संस्था चालविण्याच्या हक्काचा महत्त्वाचा भाग आहे, आणि पात्र असलेल्या कनिष्ठ शिक्षकाची निवड ज्येष्ठाला बाजूला ठेवूनही करता येते. शैक्षणिक पात्रतेची अट मात्र सुटत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जेथे ज्येष्ठतेची यादीच निर्णय करते, तेथे शिफारशीला फारसा वाव नसतो. जेथे निवडीचे स्वातंत्र्य आहे, तेथे व्यवस्थापन कुणाच्या तरी शब्दावर विसंबणारच. तो शब्द पोकळ असेल, तर संविधानाने दिलेला हक्क ओळखीपाळखीच्या कामी येतो आणि एखाद्या ज्येष्ठ, प्रामाणिक शिक्षकावर अन्यायही होतो. आपला शब्द खरा असणे ही म्हणूनच त्या हक्काची किंमत आहे.

आता इंग्रजीच्या शिक्षिकेकडे येऊ. महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचे धोरण स्वीकारले. तरीही उपनगरांतील पुष्कळ मुलांना ही भाषा शाळेतच प्रथम भेटते. घरी मराठी, कोकणी, हिंदी किंवा तुळू बोलली जाते. गृहपाठ तपासायला घरात कुणी नसते. अशा मुलाच्या दृष्टीने इंग्रजीची टीचर ही इतर सर्व विषयांची किल्ली सांभाळणारी व्यक्ती असते, कारण इंग्रजी माध्यमाच्या शाळेत विज्ञान आणि इतिहासही त्याच भाषेतून येतात.

मग गुणी शिक्षिका ओळखावी कशी? त्या स्वतः किती सफाईने इंग्रजी बोलतात, एवढ्यावरून आपण फार लवकर मत बनवतो. खरी खूण मुलांच्या तोंडी असते. त्यांच्या वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा चुकीचे का होईना, पण इंग्रजीत प्रश्न विचारतो का? निबंध फळ्यावरून उतरवून घेतला जातो, की प्रत्येक वहीत वेगळा असतो? वहीतील चुका नुसत्या लाल शाईने भरल्या आहेत, की एका वेळी एकच चूक हाती घेऊन ती सुधारून घेतली आहे? दहावीच्या निकालात पहिल्या आलेल्यांपेक्षा नापास होण्याच्या काठावरून वर आलेली मुले किती, हे त्या शाळेत विचारावे. उत्तम शिक्षिकेचे मोठेपण बहुधा याच मुलांत दिसते.

एवढे पाहिल्यावर शिफारसपत्र लिहिणे कठीण नाही. "त्या अत्यंत हुशार, मनमिळाऊ व कष्टाळू आहेत" हे वाक्य कुणाबद्दलही लिहिता येते. म्हणून ते कुणाबद्दलच काही सांगत नाही. त्याऐवजी एखादा मुख्याध्यापक असे लिहू शकेल : "गेली सहा वर्षे या टीचर आमच्याकडे सातवी ते दहावीला इंग्रजी शिकवितात. मी त्यांच्या तासाला अनेकदा बसलो आहे. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाचा वाचनगट चालविला आणि त्यातील बहुतेक मुले वर्षअखेरीस पाठ स्वतः वाचू लागली. दोन नवशिक्या शिक्षिकांना त्यांनी आपल्या वर्गात बसवून तयार केले. कार्यालयीन नोंदी ठेवण्यात मात्र त्यांना साहाय्य लागते." हा नमुना आम्ही केवळ समजावण्यासाठी रचला आहे, पण त्यात काळ आहे, काम आहे, साक्षीदार आहे आणि एक उणीवही आहे. त्या शेवटच्या वाक्यामुळे आधीच्या वाक्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

ती उणीव आणखी एका कारणासाठी मोलाची आहे. उत्तम शिक्षिका उत्तम पर्यवेक्षिका होईलच असे नाही. पर्यवेक्षकाला वेळापत्रक, बदली तास, पालकांच्या तक्रारी आणि सहकाऱ्यांची नाराजी सांभाळावी लागते. वर्गात रमणाऱ्या शिक्षिकेला बढती म्हणून कार्यालयात बसविले, तर वर्ग एक टीचर गमावतो आणि कार्यालयाला अधिकारी मिळतोच असे नाही. त्यामुळे व्यक्ती चांगली आहे एवढे सांगून भागत नाही; या पदाला ती कशी शोभेल, हे सांगावे लागते. कधी कधी नव्या शिक्षकांना घडविण्याचे काम तिच्यासाठी अधिक योग्य ठरेल, असे सुचविणे हीच खरी शिफारस असते.

पत्रावर सही कुणाची असावी? ज्याने काम पाहिले आहे त्याची. या बाबतीत मुंबईच्या इतिहासातील एक घटना आठवते. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांना चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी नेहमी वाचनात गढलेला दिसे. ते स्वतःहून त्याच्याशी बोलले. तो १९०७ साली मॅट्रिक झाला. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैसा अपुरा पडू लागला, तेव्हा केळुसकरांनी त्याला बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे नेले. महाराजांनी त्याला प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. केळुसकरांनी दार उघडून दिले; उत्तरे भीमरावांनी स्वतः दिली. शिफारशीची मर्यादा आणि तिचे सामर्थ्य या एका प्रसंगात दिसते.

शुभवर्तमानाच्या वाचकांना आणखी जुने उदाहरण माहीत आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरच्या अध्यायात संत पौल फिबी या भगिनीची शिफारस करतो. ती कोठे सेवा करते ते तो सांगतो, आणि तिने अनेकांना व स्वतः आपल्यालाही साहाय्य केल्याची साक्ष देतो. तिच्या घराण्याचा उल्लेख तो करीत नाही.

शिफारस करताना दोन मोह टाळावे लागतात. पहिला मोह गप्प राहण्याचा. चांगली टीचर गेली तर आपल्या शाळेचे कसे होणार, या चिंतेने मुख्याध्यापक कधी तिचे गुण झाकून ठेवतात. ही चिंता खरी आहे. पण तिची किंमत त्या शिक्षिकेने का मोजावी? तिला मोकळ्या मनाने निरोप द्यावा आणि जाण्यापूर्वी तिची पद्धत दुसऱ्या कुणाला तरी शिकवून घ्यावी. दुसरा मोह याच्या उलट आहे. नकोसा झालेला कर्मचारी दुसरीकडे जावा म्हणून त्याची स्तुती केली जाते. ही फसवणूक आहे आणि तिचा भार दुसऱ्या शाळेतील मुलांवर पडतो. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर येथे क्षमा नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाही गुन्हा आहे. अशा प्रसंगी गोड शब्दांनी बदली करून देण्याची किती मोठी किंमत निरपराध मुलांनी मोजली, हे ख्रिस्तसभेने जगभर दुःखाने अनुभवले आहे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. शिक्षिकेची कागदपत्रे शिफारशीआधी पाहून घ्यावीत. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकविणाऱ्या शिक्षकांच्या बढतीसाठीही शिक्षक पात्रता परीक्षा आवश्यक ठरविली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठविला. म्हणून अद्ययावत नियम शाळेच्या कार्यालयात विचारून मगच शब्द द्यावा.

पुढच्या वेळी चर्चच्या आवारात कुणी "शब्द टाका" म्हणून विनवील, तेव्हा लगेच होकार किंवा नकार देऊ नये. "टीचरचा वर्ग मी पाहिलेला नाही, आधी पाहतो, मग लिहितो," असे सांगावे. थोडा वेळ जाईल; परंतु त्या शिक्षिकेचा मान राहील, निवडणाऱ्यांना खरी माहिती मिळेल, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला त्याच्या हक्काची टीचर लाभेल.