परिचारिकांच्या नोंदवहीत आमच्या लेकींची नावे हवीत!

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते : "पोरीला नर्सिंगला घालू, लगेच पायावर उभी राहील." वाक्य चांगले आहे. त्यामागची आई-बापाची तळमळ त्याहून चांगली आहे. पण याच दिवसांत सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या गावोगावी, एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर फलक झळकू लागतात. सहा महिन्यांत नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी, हप्त्याने फी! बाप शेळ्या विकतो, आई बचत गटातून उचल घेते. कोर्स संपतो, रंगीत प्रमाणपत्र मिळते, ते काचेत बसवून बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावले जाते. आणि मग जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकेची जाहिरात निघते, तेव्हा कळते की परिषदेच्या नोंदवहीत पोरीचे नावच नाही, आणि या प्रमाणपत्राच्या बळावर ते येऊही शकत नाही.

ही नोंदवही म्हणजे काय, ती कोण ठेवते आणि तिच्यात नाव असण्याला एवढे मोल का, हे चळवळीतल्या माणसाने समजून घेतले पाहिजे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी आणि आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा 1935 साली झाला. तेव्हा आपला धाराशिव जिल्हा, म्हणजे त्यावेळचा उस्मानाबाद, निजामाच्या राज्यात होता. मुंबईत नोंदवही उघडली, पण ती अणदूर-नळदुर्गच्या बाईसाठी नव्हती. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. त्यानंतर 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने राज्यातले वेगवेगळे कायदे एकत्र आणले. या कायद्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद काम करीत आली. देशपातळीवर 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद झाली होती. अभ्यासक्रमाचा किमान दर्जा तिने ठरवायचा आणि नोंदणी राज्याच्या परिषदेने करायची, अशी ही विभागणी.

आता जरा मागे वळून बघा. कायदा नव्हता तेव्हा मराठवाड्याच्या गावगाड्यात बाळंतपण कोण करीत होते? अनेक गावांत हे काम मातंग आणि इतर अस्पृश्य समाजातील स्त्रियांच्या वाट्याला होते. पाटलाच्या वाड्यात कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री बोलावणे जाई. नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची, विटाळ तिने धुवायचा. बाळ सुखरूप झाले की पदरात ओंजळभर जोंधळे आणि एखादे जुने लुगडे पडे. बारा दिवसांनी तीच बाई त्याच वाड्याच्या ओट्याखाली उभी असे! जिच्या हातांनी मूल जगात आले, तिच्या हातचे पाणी मात्र त्या मुलाला चालत नसे. तिच्याकडे कौशल्य होते, अनुभव होता. नव्हते ते एवढेच : त्या कामाचा हक्क, त्याचा दाम आणि त्याचा मान. कारण ते काम तिने निवडले नव्हते, जातीने तिच्यावर लादले होते.

बाबासाहेबांनी 1936 च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात दाखवून दिले की जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करून थांबत नाही, ती कामकऱ्यांचीच वाटणी करते आणि त्यांना एकमेकांच्या वर-खाली रचते. नोंदवहीचे महत्त्व इथे आहे. परिषदेची नोंदवही विचारते : शिक्षण किती? अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत केला का? परीक्षा उत्तीर्ण झालीस का? आई कोण होती, हे ती विचारत नाही. संविधानाच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमाच्या उपखंड 6 मध्ये व्यवसायासाठी लागणारी पात्रता ठरविण्याचा अधिकार शासनाला दिला. जन्माच्या जागी पात्रता आली. ही लहान क्रांती नाही.

काही मित्र आम्हाला विचारतात, ही परवान्याची भानगड म्हणजे गरिबाला बाहेर ठेवण्याची नवी युक्तीच नाही का? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अणदूरचेच उदाहरण घ्या. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या काळात डॉ. शशिकांत अहंकारी, डॉ. शुभांगी अहंकारी आणि त्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने याच गावातून खेड्यातल्या साध्यासुध्या बायकांना प्राथमिक आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांना 'भारतवैद्य' हे नाव मिळाले. शाळेची पायरी फारशी न चढलेल्या बाईने गरोदर स्त्री तपासावी, बाळाचे वजन घ्यावे, ताप-जुलाबावर इलाज सांगावा आणि धोका दिसताच दवाखान्यात पाठवावे, हे या भागाने पाहिले. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावोगावी आशा कार्यकर्ती उभी राहिली. ज्ञान कुणाच्या बापाची मिरास नाही, हे या बायकांनी सिद्ध केले.

पण दुसरी बाजूही पाहा. परिषदेची नोंदणी नसलेली बाई कितीही हुशार असो, शासनाच्या लेखी ती स्वयंसेविका राहते. आशाताईला पगार नाही, मोबदला मिळतो. त्याच गावच्या उपकेंद्रात नेमलेली सहाय्यकारी प्रसाविका मात्र वेतनश्रेणीत बसते, तिला रजा असते, बढती असते. हा फरक नोंदवहीतल्या एका ओळीचा आहे. म्हणून आम्ही म्हणतो, परवान्याची भिंत पाडा ही आपली मागणी नसावी. त्या भिंतीला दार हवे, दारापर्यंत जाणारा रस्ता हवा आणि त्या रस्त्यावर आपल्या लेकींना लुटणारे नकोत, ही आपली मागणी असली पाहिजे.

रस्ता सरळ आहे. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलीला ए.एन.एम. करता येते. पूर्वी दीड वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम आता दोन वर्षांचा आहे. जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. यांच्या परीक्षेसाठी राज्याने 2013 च्या कायद्याने शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ उभे केले. बी.एस्सी.ची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. परीक्षा झाली की परिषदेकडे अर्ज करून नोंदणी घ्यायची आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करायचे. नूतनीकरणासाठी शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा लागतो. या रस्त्यात सहा महिन्यांचा कोर्स कुठेच बसत नाही. रुग्ण मदतनीस म्हणून काम करायला तो उपयोगी पडेल, ते कामही प्रामाणिक कष्टाचे आहे. पण त्याला 'नर्स' म्हणून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे.

या फसवणुकीचा लाभ कुणाला होतो? आमच्या पाहण्यातल्या एका खासगी दवाखान्यात पांढऱ्या गणवेशातल्या मुली बारा-बारा तास राबतात. सलाइन लावतात, इंजेक्शन देतात, रात्री एकट्या वॉर्ड सांभाळतात. रुग्ण त्यांना सिस्टर म्हणतो, मालक त्यांना 'मुली' म्हणतो. पगार मागितला की 'तुझी नोंदणी कुठे आहे?' असे तोच मालक विचारतो. नोंदणी नाही म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून हवीशी! बिनदामाची सुईण गेली आणि कमी दामाची सिस्टर आली. गावगाडा शहरात येऊन असा उभा राहतो. आणि काही चूक झाली तर? 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्यात नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ते कलम प्रथम त्या पोरीच्याच अंगावर येईल, फलक लावणारा तोवर दुसऱ्या गावी गेलेला असेल.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. अभ्यासक्रमाचे नाव ए.एन.एम., जी.एन.एम. की बी.एस्सी.? परीक्षा मंडळ घेणार की विद्यापीठ? संस्थेचे नाव आणि तिच्या मंजूर जागा परिषदेच्या यादीत आहेत का? आणि चौथा : दवाखाना कुठे आहे? एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. संस्थेत जा, खाटा मोजा, खाटांवर माणसे आहेत का तेही पाहा. रिकाम्या खाटांवर शिकलेली मुलगी उद्या भरलेल्या खाटेसमोर थरथर कापेल, आणि त्या खाटेवर बहुतेक वेळा गरिबाचाच जीव असेल.

फीची चिंता आहे, मान्य. पण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून आपल्या मुलांसाठी आहे. बाबासाहेब त्यावेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. अनुसूचित जातीच्या ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्याला तिचा हक्क आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते आणि जात पडताळणी, ही कागदपत्रे निकालाची वाट न पाहता बारावीच्या वर्षातच तयार ठेवा. शिष्यवृत्ती उशिरा आली म्हणून मुलीचे मूळ दाखले अडकवून ठेवणाऱ्या संस्थेविरुद्ध लेखी तक्रार करा. तोंडी विनवणी सरकारदरबारी कुणी मोजत नाही.

आणखी एक गोष्ट. 1966 च्या कायद्याने परिषदेत नोंदणीकृत परिचारिकांनी आपल्यातून निवडून दिलेल्या प्रतिनिधींना जागा दिली होती. म्हणजे नोंदवहीतले नाव मताचाही अधिकार देत होते. 2023 च्या कायद्याने 1947 च्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणि राज्याराज्यांत राज्य आयोग यांची योजना केली. राष्ट्रीय आयोगाचा अध्यक्ष केंद्र सरकार शोध-निवड समितीमार्फत नेमणार. जिथे मतदान होते तिथे आपण संख्येने बोलू शकतो. जिथे नेमणूक होते तिथे कोण बसणार? उपकेंद्रात आयुष्य काढलेली, वस्तीतून आलेली परिचारिका त्या टेबलापर्यंत पोहोचणार की नाही? प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न आपल्या संघटनांनी आतापासून निवेदनांतून, लोकप्रतिनिधींमार्फत आणि गरज पडल्यास न्यायालयात लावून धरला पाहिजे.

समाजबांधवांनो, जयंतीच्या मिरवणुकीवर आपण मनापासून खर्च करतो. त्यातला थोडा भाग बाजूला काढून मे-जूनमध्ये प्रत्येक तालुक्याच्या बुद्धविहारात प्रवेश मार्गदर्शनाचे एक टेबल मांडा. त्यावर परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि एक संगणक असू द्या. त्या टेबलामागे आपल्याच समाजातल्या नोंदणीकृत परिचारिकांना बसवा. दर वर्षी दहा मुली जरी फसवणुकीतून वाचून खऱ्या नोंदवहीपर्यंत पोहोचल्या, तरी दहा घरांचा इतिहास बदलेल. आपल्या आज्यांनी गावाची बाळंतपणे केली, त्यांची नावे कुठल्याच वहीत नाहीत. त्यांच्या नातींची नावे मात्र शासनाच्या नोंदवहीत, क्रमांकासह, आलीच पाहिजेत!