उत्तराआधीचं गणित

"मॅडम, उत्तर जुळंना की ओ."

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांचं पहिलं वाक्य हेच असतं. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. इकडे वालचंद कॉलेज, तिकडे विलिंग्डन कॉलेज, आणि बी.कॉम., बीबीएची मुलं तर गल्लोगल्ली. इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवून निवृत्त झाल्यावर घरच्या जेवणाच्या टेबलावर पोरांची असाइनमेंटची गणितं बघायला बसले, तेव्हा वाटलं होतं की तीन शाखांची मुलं तीन वेगळी दुखणी घेऊन येतील. कसलं काय! वहीवर विषयाचं नाव वेगळं, आत दुखणं तेच. आकडेमोड सगळ्यांना येते. कॅल्क्युलेटरवर तर त्यांची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालतात. गणित हुकतं ते त्याच्या आधी. प्रश्न घाईनं वाचलेला असतो, एककं सरमिसळ झालेली असतात, आणि उत्तर साधारण कितीच्या घरात यायला हवं याचा विचारच केलेला नसतो.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे आणि नव्या मुलांना तो जाचतो: वहीत अंदाज लिहिल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

हप्त्याचं गणित घ्या. १० लाखांचं कर्ज, द.सा.द.शे. ९ टक्के, मुदत २० वर्षं. मासिक हप्ता काढा. बी.कॉम.ची एक मुलगी उत्तर घेऊन आली, ९० हजार. सूत्र बरोबर, बेरजा-भागाकार बरोबर. फक्त व्याज घातलेलं वर्षाचं आणि मुदत २४० महिन्यांची. मी चूक दाखवली नाही. म्हटलं, "व्याज शून्य असतं तर हप्ता किती आला असता गं?" १० लाख भागिले २४०, म्हणजे ४,१६७. "आणि पहिल्या महिन्याचं नुसतं व्याज?" वर्षाचं ९० हजार, महिन्याचं ७,५००. हप्ता ७,५०० च्या खाली असेल तर मुद्दल जन्मात फिटणार नाही. आणि ७,५०० अधिक ४,१६७, म्हणजे ११,६६७ च्या वर जायचं त्याला काही कारण नाही. उत्तर या दोन कुंपणांच्या मध्येच कुठेतरी हवं. एवढं बोलणं होईपर्यंत तिनं स्वतःच ९ ला १२ नं भागलं होतं. दरमहा ०.७५ टक्के धरून हप्ता येतो ८,९९७ रुपये. २० वर्षांत भरायचे साडेएकवीस लाखांच्या वर, हे तिनं त्याच ओळीखाली लिहिलं आणि पुढे एक उद्गारचिन्ह काढलं. त्याला मार्क नसतात, पण मी खोडलं नाही.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं मोठं दुखणं म्हणजे एककं. दोन टोकांवर टेकलेली ४ मीटरची पोलादी तुळई, तिच्यावर मीटरमागे २० किलोन्यूटन भार, सेक्शन आयएसएमबी २५०. मध्यभागी ती किती वाकेल? सूत्र पाठ असतंच: पाच डब्ल्यू एल-चा-चौथा-घात भागिले ३८४ ईआय. स्टील टेबलात या सेक्शनचा 'आय' साधारण ५,१३० असा छापलेला असतो, आणि शेजारी बारीक अक्षरात सेंटिमीटरचा चौथा घात. पोरगं बाकी सगळं मिलिमीटरमध्ये घेतं आणि ५,१३० तसाच उचलून ठेवतं. उत्तर येतं ६५,००० मिलिमीटर. त्याखाली दोन रेघा मारून वही माझ्यापुढे. "अरे, ४ मीटरची तुळई ६५ मीटर खाली लोंबली. चाललीय कुठे ती?" सेंटिमीटरचे मिलिमीटर करताना चौथ्या घातामुळे १० हजारांनी गुणावं लागतं, तेवढं केलं की उत्तर ६.५ मिलिमीटर. वाकणं डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढं, आणि खऱ्या घरातली तुळई एवढीच वाकते.

हे मुलांच्या वहीतच होतं असं नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात घडलेली गोष्ट मी दरवर्षी नव्या बॅचला गणित म्हणूनच घालते. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. इंधनाचे काटे बंद, म्हणून टाकीत मोजपट्टी घालून माप घेतलं: ७,६८२ लिटर शिल्लक. प्रवासाला हवं २२,३०० किलो. तर आणखी किती लिटर भरायचं? लिटरचे किलो करायला गुणक वापरला १.७७. त्या हिशेबानं टाकीत १३,५९७ किलो आहे, ८,७०३ किलो कमी पडतंय, म्हणजे ४,९१६ लिटर भरा. तेवढं भरलं आणि विमान उडालं. १.७७ हा गुणक होता पौंडांचा. देश पौंडावरून किलोवर येत होता, आणि हे विमान त्या कंपनीच्या किलोवर चालणाऱ्या पहिल्या विमानांपैकी होतं. किलोचा गुणक ०.८०३. त्यानं हिशेब केला तर टाकीत होतं फक्त ६,१६९ किलो आणि भरायला हवं होतं २०,००० लिटरच्या वर. ४१,००० फुटांवर असताना इंधन संपत आलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिक रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवायचा सराव होता. त्यांनी विमान तरंगत आणून गिम्ली इथल्या हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. ६९ जण होते आत, सगळे वाचले.

इथे मी मुलांना विचारते, हिशेब पुन्हा करून चूक सापडली असती का? नसती. गुणाकार, वजाबाकी, भागाकार, तिन्ही बरोबर आहेत. दहा वेळा ताळा केला तरी तेच. चूक सापडली असती ती १.७७ कडे बघून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेलं असतं. विमानाचं इंधन म्हणजे आपल्या रॉकेलचा भाऊ, आणि रॉकेल पाण्यावर तरंगतं. मग एक लिटर रॉकेल पावणेदोन किलो भरेल कसं? टेबलाभोवती अशा वेळी जी शांतता पसरते, ती मला फार आवडते.

(जाता जाता: साइन-कोसाइनचं गणित सुरू करण्याआधी साइन ३० काढून बघायचं. ०.५ आलं नाही तर यंत्र रेडियनमध्ये अडकलंय. यात पूर्ण पेपर घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.)

संख्याशास्त्राचं दुखणं जरा वेगळ्या जागचं. तिथे एककं सहसा छळत नाहीत. नेमकं काय विचारलंय तेच मुलांच्या हातून निसटतं. माझं नेहमीचं गणित असं: कुपवाडच्या एमआयडीसीत एक कारखाना आहे असं समजा. १०० नगांत १ खराब निघतो. तपासणीचं यंत्र खराब नगांपैकी ९० टक्के पकडतं, पण चांगल्या नगांपैकी ५ टक्के उगाचच बाद करतं. यंत्रानं एक नग बाद केला, तर तो खरोखर खराब असण्याची शक्यता किती? जवळजवळ सगळे म्हणतात, ९० टक्के. बेजचं प्रमेय पाठ असलेलेही म्हणतात. सूत्र बाजूला ठेवून मी १०,००० नग टेबलावर ओतायला लावते, कागदावरच. खराब १००, त्यांतले पकडले ९०. चांगले ९,९००, त्यांतले बाद झाले ४९५. बादच्या ढिगात एकूण ५८५, आणि त्यांत खरे गुन्हेगार ९०. शक्यता १५ टक्क्यांच्या आसपास. 'खराब असेल तर पकडला जाण्याची' आणि 'पकडला गेला तर खराब असण्याची' या दोन शक्यता मुलं एकच समजतात. सूत्रात दोन्हीकडे तीच अक्षरं मागंपुढं असतात, म्हणून घोळ होतो. ढीग मोजले की होत नाही. हीच रीत मी डॉक्टरी तपासण्यांच्या गणितालाही वापरते.

दुसरी जागा म्हणजे कॅल्क्युलेटरची दोन बटणं, सिग्मा-एक्स आणि एस-एक्स. पाच नगांची लांबी ४९.८, ५०.१, ५०.०, ५०.३, ४९.८ मिलिमीटर. सरासरी बरोबर ५०. प्रमाण विचलन एका बटणानं ०.१९ येतं, दुसऱ्यानं ०.२१. पहिलं पाचनं भागतं, दुसरं चारनं. हातात आहेत तेवढेच नग मोजायचे असतील तर पहिलं. या पाचांवरून सबंध लॉटबद्दल बोलायचं असेल तर दुसरं. आणि लॉटबद्दल ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर पाठ केलेलं १.९६ पुरत नाही, २.७७६ घ्यावं लागतं, सरासरीभोवतीचा पट्टा ±०.१९ वरून ±०.२६ पर्यंत रुंदावतो. थोड्या नमुन्यांवरून बोलायची ही किंमत पहिल्यांदा नीट मांडली ती डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी, १९०८ मध्ये. कारखान्याच्या शिस्तीमुळे त्यांनी लेखाखाली स्वतःचं नाव न घालता 'स्टुडंट' असं लिहिलं. आपली मुलं परीक्षेत 'स्टुडंट्स टी' लिहितात आणि त्यांना वाटतं, ते विद्यार्थ्यांसाठी सोपं करून दिलंय!

बीबीएच्या पुस्तकात उलटी गंमत असते. तिथे नको ती माहिती मुद्दाम पेरलेली असते. १० लाखांचं मशीन, चार वर्षं दरसाल ३ लाख २० हजारांची रोकड, दर १० टक्के. आणि मध्येच एक निरागस वाक्य, 'कंपनीने बाजार-पाहणीवर २ लाख रुपये आधीच खर्च केले आहेत.' दिलेला आकडा वापरलाच पाहिजे असं शाळेनं शिकवलेलं. मुलं ते २ लाख वजा करतात आणि मशीन नको म्हणतात. पण मशीन घेतलं काय, न घेतलं काय, ते पैसे गेलेच आहेत. ते सोडून हिशेब केला तर एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान किंमत, सुमारे १४,३५० रुपये येते. थोडी आहे, पण शून्याच्या वर आहे.

आता मोबाइलबद्दल, कारण पालक हमखास विचारतात. प्रश्नाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर हजर होतं. माझा त्याला विरोध नाही. आमच्या वेळी गाईडं होती, आम्हीही ती उघडत होतो. तक्रार एवढीच की तयार उत्तर वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. मजकूर परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानं घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. ते प्रयोग उताऱ्यांवरचे होते, पण माझ्या टेबलावर न्यूमेरिकल्सचंही तेच दिसतं. म्हणून, उत्तर बघा, मोबाइल पालथा घाला आणि आकडे बदलून तेच गणित करा. तुळई ४ ऐवजी ८ मीटरची केली तर वाकणं किती पट? दुप्पट म्हणणाऱ्यानं उत्तर नुसतं उतरवलंय. सोळा पट म्हणणाऱ्याला तो चौथा घात दिसलाय.

आणि अडलं तर 'येत नाही' म्हणून यायचं नाही. काय दिलंय, काय काढायचंय, कुठपर्यंत आलो, एवढं लिहून यायचं. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञानं १९४५ मध्ये 'हाउ टु सॉल्व्ह इट' या पुस्तकात प्रश्न समजून घेणं ही पहिलीच पायरी ठेवली, ती उगाच नाही. निम्मी मुलं हे लिहिता लिहिताच परत फिरतात.

गेल्या दिवाळीआधी मेकॅनिकलचा एक मुलगा हिशेब विचारायला आला, असाइनमेंट नव्हती ती. घरी मोटरसायकल घ्यायची होती, १ लाखाचं कर्ज, तीन वर्षं, व्याज '१० टक्के फ्लॅट'. मी म्हटलं, मांड. व्याज ३० हजार, हप्ता १,३०,००० भागिले ३६, म्हणजे ३,६११. "आता मला सांग, तिसऱ्या वर्षी तुझ्याकडे बँकेचे किती पैसे उरलेत आणि तू व्याज कितीवर भरतोयस?" त्यानं अंदाज लिहिला, खरा दर दुपटीच्या जरा खाली असेल. मग कॅल्क्युलेटर उघडला आणि दर बदलून बदलून हप्ता जुळवत गेला. जवळपास १८ टक्क्यांना जुळला. वडिलांनी शेवटी ओळखीच्या पतसंस्थेतून १३ टक्क्यांनी कर्ज काढलं, घटत्या शिल्लकेवर. हप्ता ३,३६९, तीन वर्षांत ८,७०० रुपयांचा फरक. तेही गणित तो वहीत मांडून घेऊन आला. पतसंस्थेची प्रोसेसिंग फी आणि शेअर्सची रक्कम तेवढी धरायची राहिली होती, ती धरून आण म्हणून परत पाठवलं.