पुदिना शेवटी यायला हवा

पहाटे पाच

ठाण्यातल्या किसननगरच्या आमच्या इमारतीत पाणी पहाटेच येतं, त्यामुळे उठल्या उठल्या आधी पिंप भरायचं. ते भरेपर्यंत मी ओट्यावरची वही उघडते. आज 24 डिसेंबर. वहीत आठवडाभर आधीच लिहून ठेवलंय: 40 कप, संध्याकाळी पाच, रोड नंबर 22. तिथल्या काचेच्या इमारतीतलं एक ऑफिस अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांचं काम करतं. तिथं नाताळ साजरा होणार आहे आणि त्यांना हवी आहे पुदिना, चॉकलेट आणि कॉफी एकत्र असलेली पेपरमिंट मोका. माझे डबे तिथं चार वर्षांपासून जातात. ऑर्डर द्यायला आलेल्या मुलीनं विचारलं, "काकू, जमेल ना? बाहेरून मागवली तर गार होऊन येते." मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून रोज रात्री एक-एक कप करून बघितला.

वही ठेवायची सवय जुनी. बीएस्सी केमिस्ट्रीनंतर इथल्याच वागळे इस्टेटमधल्या एका औषधांच्या कारखान्यात मी नऊ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. लेकीच्या वेळी नोकरी सोडली आणि डबे सुरू केले, पण मोजून घ्यायचं आणि लगेच लिहायचं, हे हातातून गेलं नाही.

साडेसहा

दिवसाची पहिली कॉफी सासूबाईंची. आमच्या घरात चहा रोजचा आणि कॉफी मानाची: पाहुण्यांना, उपासाला, तापातून उठलेल्या माणसाला. दूध जास्त, पाणी नावाला, साखर सढळ आणि वरून किसलेलं जायफळ. सासूबाई अजून जायफळ सहाणेवर उगाळतात. उगाळलेलं जायफळ दुधात मिसळून जातं, किसलेलं वर तरंगतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

"आज तुझी ती पुदिन्याची कॉफी ना गं? पुदिना चटणीत. कॉफीत जायफळ."

"आई, रात्री तुमच्यासाठी एक पेला ठेवते. मग सांगा."

त्या पुढं काही बोलल्या नाहीत, पण पेला धुऊन पालथा घालून ठेवला.

सात ते दहा

अठरा डबे. आज फ्लॉवर-बटाटा, मुगाची आमटी, पोळ्या, भात, काकडीची कोशिंबीर. रोजच्यासारखंच.

साडेदहा

शेअर रिक्षानं स्टेशनकडं, जांभळी नाक्याच्या बाजारात. पुदिना घराजवळही मिळतो, पण तिथं जुड्या पाणी मारून मारून काळ्या पडलेल्या असतात. मला टोकाची कोवळी पानं हवीत. चार जुड्या घेतल्या. भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "एवढ्याची चटणी?" मी सांगितलं तर त्यांनी पाचवी जुडी पिशवीत टाकली, वर पैसे घेतले नाहीत.

कॉफीची पूड मागच्या रविवारीच आणली होती, माटुंग्याहून, समोर दळून: 80 टक्के बी, 20 टक्के चिकोरी. तयार पूड गरम दुधात चटकन विरघळते, घाईत मीही तीच वापरते. पण चॉकलेट आणि पुदिना दोघांच्या मध्ये उभं राहायला कॉफीला अंग लागतं. पातळ कॉफी चॉकलेटखाली दडपून जाते आणि पिणाऱ्याला नुसतं बोर्नव्हिटा प्यायल्यासारखं वाटतं.

परतताना वागळे सर्कलला उतरून चालत आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात याच वागळे इस्टेटमध्ये झाली, 1 ऑगस्ट 1962 ला, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हजेरीतल्या एका छोट्या समारंभानं. राज्यात पुढं जेवढ्या एमआयडीसी झाल्या, त्या सगळ्यांची मुळं इथं. मी नोकरीला लागले तेव्हा या रस्त्यांवर लेथचा आवाज आणि कटिंग ऑइलचा वास असायचा. अजूनही काही गाळ्यांतून तो येतो आणि मला बरं वाटतं. बाकी ठिकाणी शेड पाडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. डबे मात्र दोन्हीकडं लागतात.

साडेअकरा

पुदिना निवडायला बसले. काड्या घ्यायच्या नाहीत, काडीत तुरटपणा असतो. पानं निवडून साधारण 200 ग्रॅम झाली.

इथं थोडं थांबून सांगते, कारण माझी पहिली चूक इथंच झाली होती. आपल्या बाजारातला पुदिना आणि परदेशी पेपरमिंट एकाच घराण्यातले, पण स्वभाव वेगळे. आपल्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्व्होन नावाच्या द्रव्याचा. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर असतं, आणि जिभेवर जो गारवा पसरतो तो मेंथॉलचा. तो खरा गारवा नसतो. थंडी ओळखणारी जी यंत्रणा आपल्या मज्जातंतूंत आहे, तिलाच मेंथॉल जागं करतं, म्हणून गरम घोट घेतानाही तोंड गार वाटतं. ही यंत्रणा 2002 मध्ये सापडली, आणि ती शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. कार्व्होनला हे फारसं जमत नाही. त्याची गंमत दुसरीच: आपल्या डाव्या आणि उजव्या हातासारखी त्याची दोन रूपं असतात. एका रूपाला पुदिन्याचा वास आणि त्याच्या आरशातल्या प्रतिमेला बाळंतशेपाचा. कॉलेजात हे शिकले तेव्हा घरी येऊन आईचा बाळंतशेपांचा डबा उघडून हुंगला होता.

तर नुसत्या चटणीच्या पुदिन्यानं ताजेपणा येतो, गारवा येत नाही. मागच्या वर्षी हे माझ्या लक्षातच आलं नाही. गारवा येईना म्हणून मी पानं वाढवत गेले आणि चहासारखी दुधात दहा मिनिटं उकळली. दूध शेवाळी तपकिरी झालं आणि चव काढ्याची. पानांचं हिरवेपण उष्णतेनं मोडतं, त्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग मरतो. उकळत राहिलं की सुगंध वाफेबरोबर उडतो आणि मागं कडूपणा राहतो. सगळं मोरीत ओतावं लागलं. दोन लिटर दूध वाया गेल्याचं दुःख मला अजून आहे.

म्हणून या वर्षी दोन्ही: ताजेपणाला पानं, गारव्याला पेपरमिंट तेल. तेल खाण्याचंच हवं, बेकिंगचं सामान मिळतं त्या दुकानातलं, बाटलीवर तसं छापलेलं. अत्तराच्या किंवा मालिशच्या तेलाला हात लावायचा नाही. सासूबाई ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एकत्र करून बाटलीत ठेवतात. तिन्ही स्फटिक एकमेकांना लागले की आपोआप पाणी होतं. पोटदुखीला त्या साखरेवर थेंब टाकून देतात. साखरेवरच का, हे मला या वर्षी कळलं. तेल दुधावर टाकलं तर वरच तरंगतं आणि पहिल्या चार कपांत सगळं जातं. साखरेत आधी चोळलं की सारखं पसरतं. 250 ग्रॅम साखरेत दहा थेंब, मोजून. अकरावा टाकला की टूथपेस्ट. तेही वहीत आहे.

दीड

डबे गेले, आम्ही जेवलो. आता डिकॉक्शन. घरचं स्टीलचं फिल्टर चार माणसांचं, एवढ्याला पुरत नाही. पातेल्यावर मलमलचं फडकं ताणून बांधलं, त्यात 160 ग्रॅम पूड, वर नुकतं उकळून दोन मिनिटं निवलेलं लिटरभर पाणी, बारीक धारेनं. पूड फुगते, मध्ये बुडबुडे येतात, ते बसू द्यायचे आणि मग पुढची धार. पूड पाणी पिते, हाती येतं पाऊण लिटरच्या थोडं वर. फडकं पिळायचा मोह होतो. पिळायचं नाही, गाळ आणि कडू दोन्ही उतरतात.

अडीच

चॉकलेट. 100 ग्रॅम कोको पावडर, तेलाची साखर, दोन चिमटी मीठ आणि पेलाभर गरम पाणी. रवीनं घुसळून गुळगुळीत लापशी. कोको दुधात थेट टाकला की गुठळ्या होतात आणि त्या आतून कोरड्या राहतात. कोको तसा विरघळत नाहीच, त्याचे कण तरंगतात. म्हणून आधी भिजवून घ्यायचा. मग 300 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून.

चॉकलेट चिरताना मला नेहमी शाळेची बस आठवते. कॅडबरी जंक्शनवरून जाताना कधीकधी वास यायचा आणि आख्खी बस खिडक्यांकडं सरकायची. तो वास भाजलेल्या कोकोचा असतो हे फार उशिरा कळलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, कारखान्याच्या आत कुठंतरी चॉकलेटचा हौद आहे.

साडेतीन

चार लिटर दूध, सायीचं, आज सकाळचं. शिळं असलं तर कॉफीच्या आंबटपणानं फाटायची भीती. दोन शेगड्यांवर दोन-दोन लिटर.

पहिल्या पातेल्यात पुदिना. दूध कडेनं हलायला लागलं, वाफ धरली, की गॅस बंद. पानं तळहातात एकदा चुरगळून आत टाकायची आणि घट्ट झाकण. पंधरा मिनिटं. पुदिन्याचा वास तेलात विरघळणारा, तो सायीला धरून बसतो. म्हणून पातळ दुधात हे पेय कधीच नीट होत नाही. वीस मिनिटांवर गेलं की गवत लागायला लागतं. मी घड्याळ लावून ओट्याशीच उभी राहते. दिवसभरात एवढा एकच वेळ हाताला काम नसतं. खिडकीतून येऊरच्या डोंगराची कड दिसते, डिसेंबरात ती स्वच्छ असते.

दुसऱ्या पातेल्यात कोकोची लापशी, मग चिरलेलं चॉकलेट, मंद आचेवर, ढवळत. पंधरा मिनिटं झाली, पुदिन्याचं दूध गाळून यात ओतलं. शेवटी डिकॉक्शन. यानंतर उकळी आणायची नाही.

चमच्यात घेऊन चाखलं. आधी चॉकलेट, मग कॉफीचा कडवटपणा, आणि गिळून झाल्यावर, श्वास आत घेतला की गार. हाच क्रम हवा होता. पुदिना आधी आला तर औषध लागतं, मध्ये आला तर कॉफी मरते. तो शेवटी यायला हवा.

मग रवी. दूध फेसाळायचं यंत्र माझ्याकडं नाही आणि त्याची गरज पडली नाही. ताकाची लाकडी रवी खोल पातेल्यात दोन्ही तळहातांनी पाच मिनिटं फिरवली की फेस कडेपर्यंत चढतो.

सव्वाचार

दोन थर्मासांत भरलं, एक पाच लिटरचा, एक छोटा. आधी उकळतं पाणी घालून दोन्ही तापवून ठेवले होते. वरून भुरभुरायला पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून घेतल्या. परदेशात यावर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कांडी कुटून घालतात. आमच्या लहानपणी वाण्याच्या बरणीत याच पांढऱ्या गोळ्या असायच्या, शेजारच्या बरणीत रावळगावच्या. मालेगाव तालुक्यातल्या त्या गोळ्यांत एक 'कॉफी ब्रेक' नावाची होती. माझ्या पिढीतल्या पुष्कळ मुलांनी कॉफीची चव कपाआधी त्या गोळीत घेतली.

रिक्षावाल्या दादांना सांगितलं, खड्डे बघून चालवा. त्यांनी पूर्ण रस्ता दुसऱ्या गियरमध्ये नेलं.

पाच

ऑफिसच्या दारात कागदी चांदण्या, टेबलावर छोटं झाड. थर्मास एकदा हलवायचा, कारण कोको तळाशी बसतो. मग कप भरायचा, वर गोळीची चिमूट. पहिला कप मी दारावरच्या वॉचमनकाकांना दिला. ते पूर्वी याच जागेवरच्या कारखान्यात फिटर होते. शेड पडली, कंपनी गेली, ते इथंच राहिले. त्यांनी दोन घोट घेतले, थांबले आणि म्हणाले, "ताई, गरम आहे, पण शेवटी गार लागतंय."

मला यापुढं कोणी काही सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

मुलामुलींनी मात्र सांगितलं. बरेच जण रात्रपाळीचे होते, त्यांचा दिवस नुकता उजाडला होता. एका मुलीनं विचारलं, हे घरी आईला करून घालता येईल का. तिला कृती कागदावर लिहून दिली, एका कपाची: दूध 100 मिली, पुदिन्याची आठ-दहा पानं, डिकॉक्शन चार चमचे, चॉकलेटचे दोन छोटे तुकडे, कोको एक सपाट चमचा, साखर चवीनं. तेल एका कपाला मोजताच येत नाही, म्हणून त्याऐवजी पांढरी गोळी दुधात विरघळव असं लिहिलं. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: पानं उकळू नकोस.

साडेनऊ

भांडी घासून झाली. तळाला राहिलेलं चार पेल्यांपुरतं मंद आचेवर गरम केलं. शेजारच्या मावशी वसईच्या. रात्रीच्या मिसेला त्या दरवर्षी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये जातात. पोर्तुगीज काळापासूनचं चर्च, त्यांचं लग्नही तिथलंच. जाण्याआधी डबाभर फुगे घेऊन आल्या, नारळाच्या दुधात मळलेले, अजून कोमट. एक पेला त्यांना, एक लेकीला, एक मला. फुगा कॉफीत बुडवून खायचा हे मावशींनीच दाखवलं.

चौथा पेला सकाळी पालथा घातलेला. सासूबाईंनी घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मग उठल्या, सहाण आणली, जायफळाचे चार वळसे उगाळले, बोटानं पेल्यात सोडले आणि पेला माझ्यापुढं केला.

"आता बघ."

घेतला. चॉकलेट आलं, कॉफी आली, मग जायफळाची ऊब आणि तिच्या मागून गारवा. दोन्ही एकमेकांना ढकलत नव्हते.

मी वही उघडून खाली लिहिलं: जायफळ, सहाणेवर, एका पेल्याला चार वळसे. 40 कपांना किती, हे उद्या बघायचं.